वाट चुकलेलं विमान

मंगळवार, ४

आमच्या धावपट्टीवर मोठं विमान उतरलं. प्रवासी विमान! इथे पिकांवर औषध फवारणाऱ्या चिमुकल्या विमानांशिवाय कोणी फिरकत नाही. सीमेवरच्या लढाईत दोन्ही बाजूंनी दिशा दाखवणारे संदेश बंद पाडलेत, म्हणून बिचारं भरकटलं. रेडिओ दुपारपासून 'विमान बेपत्ता' म्हणतोय — आणि इकडे ते माझ्या कॅन्टीनच्या खिडकीत मावत नाहीये.

भाऊजी विमानतळाचे प्रमुख. म्हणजे ते आणि एक कुत्रा. घाईघाईत गणवेश चढवला तर पोटावरची बटणं लागेनात. वैमानिकाने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "हे कुठलं गाव?"

भाऊजी म्हणाले, "तुम्हाला कुठलं हवं होतं?"

एवढा उंच जिना कुठला आणायचा? रंगाऱ्याची शिडी लावली. एक निवृत्त न्यायाधीशबाई म्हणाल्या, मी उतरणार नाही. मग उतरल्या, पण प्रत्येक पायरीवर निकाल देत.

बुधवार, ५

भाऊजींनी राजधानीला फोन लावला. "बेपत्ता विमान आमच्याकडे आहे." तिकडून म्हणे, "खंडणी किती हवी?"

प्रवासी निम्मे इकडचे, निम्मे सीमेपलीकडचे. सकाळी एकमेकांकडे बघायला तयार नव्हते. दुपारपर्यंत संडासाच्या रांगेत एकी झाली. रांगेचे नियम अर्थात न्यायाधीशबाईंचे.

वैमानिक माझ्याकडे भांडी घासायला आला. "नुसतं बसवत नाही हो, वहिनी." भाऊजींचं ऐकून तोही वहिनीच म्हणतो. विमान उतरवताना हात थरथरला नाही म्हणे. माझी चांगली बशी मात्र सुटली.

गुरुवार, ६

फुटबॉल. देशांप्रमाणे संघ नकोत, असा बाईंचा हुकूम. म्हणून चष्मेवाले विरुद्ध बिनचष्मेवाले. सहवैमानिक फार जोरात — चेंडू सोडून कुत्र्यावर धडकला. कुत्रा ठणठणीत. ह्याचा घोटा टम्म सुजला. पंच भाऊजी हसता हसता शिट्टी गिळणार होते.

शुक्रवार, ७

लष्कराचा निरोप. उद्या दुपारी त्यांची विमानं उतरणार, धावपट्टी मोकळी करा. पण पट्टी आखूड, भरलेलं विमान उडायचं नाही. मग ठरलं — प्रवासी बसने, विमान रिकामं.

सहवैमानिकाला पायच टेकवता येत नाही. वैमानिक म्हणाला, "मी एकटा नेतो. अर्ध्या तासाचं तर काम."

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "परवानगी नाही."

"अपील करतो," म्हणाला, आणि उरलेली पातेली घासायला घेतली.

शनिवार, ८

विमान पाडलं. कोणी पाडलं, ते दोन्ही बाजू एकमेकांवर ढकलताहेत. रेडिओ म्हणतो, सुदैवाने आत प्रवासी नव्हते.

सहवैमानिक स्वयंपाकघरात बसलाय. "खेळायला नको होतं," एवढंच म्हणतो.