न वाचलेली: शून्य

प्रिय ताई,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. या महिन्याच्या ५ तारखेला, रविवारी दुपारी, दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कची मी प्रत काढली. कॉम्प्युटर चार वर्षं बंद होता. डिस्क बहुतेक शाबूत निघाली.

२. कारण असं की दुकान २५ तारखेला, शनिवारी, कायमचं बंद होतंय. जुन्या गिऱ्हाइकांना त्यांचे चष्म्याचे नंबर लिहून द्यायचे आहेत. समोरच्या डोळ्यांच्या डॉक्टर ते नंबर बाबांना ईमेलने पाठवायच्या.

३. ईमेलचा प्रोग्रॅम सगळी पत्रं डिस्कवरच साठवायचा. ती फाइल मी माझ्या लॅपटॉपवर त्याच प्रोग्रॅममध्ये उघडली. काढून टाकलेली पत्रंही परत आणायची का, या चौकटीत खूण केलेली होती.

४. एकूण दोन हजार एकशे सहा पत्रं परत आली. त्यांतली एकोणीस तू बाबांना लिहिलेली, एका वेगळ्या फोल्डरमध्ये. न वाचलेली: शून्य.

५. बाबांनी ही एकोणीस पत्रं त्याआधी कधीही पाहिली नव्हती.

६. प्रोग्रॅममध्ये एक नियम सापडला. तुझ्या पत्त्यावरून आलेलं पत्र इनबॉक्समध्ये न ठेवता परस्पर त्या फोल्डरमध्ये टाकायचं, असा. नियमाचं नाव: 'तात्पुरता'.

७. बाबांच्या खात्यातून तुला गेलेलं शेवटचं पत्रही परत आलं. ते तुला नऊ वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

हे सात मुद्दे मी तीनदा तपासले. त्यांत खोटं काही नाही, पण कोणी केलं तेही कुठे नाही. बंद पडलेल्या डिस्कवरून लोकांचा मजकूर परत काढून देणं हेच माझं काम आहे, आणि तिथले अहवाल मी असेच लिहिते. गिऱ्हाइकाला मजकूर हवा असतो, तो कोणाच्या हातून गेला हे बहुधा त्याला ठाऊकच असतं. तुला ठाऊक नाही. म्हणून आता दुसऱ्यांदा, कर्त्यासकट.

नियम मी केला. एकोणीस पत्रं मी वाचली, आली त्याच दिवशी, एकेक. इनबॉक्स उघडून बघण्यापुरतंच बाबांना यायचं, बाकीचे कप्पे त्यांच्या लेखी नव्हतेच. तुला आठवत असेल, न वाचलेलं पत्र यादीत ठळक अक्षरांत दिसतं आणि उघडलं की बारीक होतं. रविवारी तुझी एकोणीसच्या एकोणीस पत्रं बारीक अक्षरांत आली. ती तशी कोणी केली हे बाबांनी विचारलं असतं तर मी अडकले असते. पण त्यांना ती खूणच माहीत नाही.

तू गेलीस तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. दुकान तूच बघणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, शेजारच्या शिंपीकाकांनीसुद्धा. त्यांनी तर तुझ्यासाठी पांढरा कोट शिवायचा म्हणून माप घेऊन ठेवलं होतं. तू चौदाव्या वर्षापासून काचा घासायच्या यंत्रावर बसायचीस आणि मोठीच्या हातची काच फ्रेममध्ये कधी कुरकुरली नाही, असं बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे. मी एकदा घासलेली काच फ्रेममधून निसटून त्या शाळामास्तरांच्या चहात पडली होती. बाबा म्हणाले होते, "पावशेर, तू आपली कॉम्प्युटरच बघ." सगळे हसले होते. मीही हसले होते.

तू दूरची नोकरी धरलीस. पहिले दोन महिने बाबांनी तुझं नाव घेतलं नाही. फोन जमला नाही. दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत बसायचात आणि मग कोणीतरी ठेवून द्यायचं. मग तुझी पत्रं सुरू झाली आणि घर हळूहळू सरळ झालं. संध्याकाळी मी कॉलेजमधून थेट दुकानात यायची. पत्र आलेलं असलं की बाबा यंत्र बंद करायचे, दांडीला चिकटपट्टी लावलेला तो स्वतःचा चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "वाच." (अख्ख्या गल्लीला चष्मे देणाऱ्या माणसाला स्वतःची दांडी बदलायला कधी सवड झाली नाही. अजूनही चिकटपट्टीच आहे.) मी वाचायची. उत्तर ते सांगायचे आणि मी टाइप करायची. दोन-तीन ओळी, आणि शेवटी दर वेळी तेच: "बाकी ठीक. दुकान उघडायची वेळ झाली." संध्याकाळचे सात वाजले असले तरी तेच. मी एकदा म्हटलं, बाबा, आता बंद करायची वेळ झाली. तर म्हणाले, "तिला काय कळतंय इथे किती वाजलेत ते."

त्या वर्षी मी कॉलेजात पहिली आले. निकाल लागला त्या संध्याकाळी तुझं पत्र आलेलं होतं. मी आधी निकाल सांगितला. बाबा म्हणाले, "हो का? छान. बरं, ती कॅन्टीनवाल्या बाईची ओळ परत वाच बघू." तू लिहिलं होतंस की तुमच्या कॅन्टीनमधली बाई रोज तुला मुद्दाम दुसऱ्याच कोणाच्या नावाने हाक मारते आणि तू ओ देतेस. मी ती ओळ परत वाचली. बाबा परत हसले. मला वाटतं त्यांनी ती चारदा वाचायला लावली. निकालाचा कागद माझ्या हातात होता. तो मी घडी करून वहीत ठेवला.

पुढच्या आठवड्यात तुझं पत्र सकाळीच आलं होतं. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आलं का काही?" मी म्हटलं, "नाही." दुसऱ्या दिवसापासून माझी चार दिवसांची चाचणी परीक्षा होती, तास-दीड तास त्यात घालवायचा नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. पण परीक्षा संपल्यावरही मी नाहीच म्हटलं. पत्र त्यांना इनबॉक्समध्ये दिसू नये म्हणून नियम केला, त्याला नाव दिलं. चार दिवसांनी तो काढणार होते. नाव तेव्हा खरं होतं.

मग प्रत्येक दिवसागणिक काढणं अवघड होत गेलं, कारण आधीच्या पत्रांचं काय सांगायचं ते सुचेना. बाबा सुरुवातीला रोज विचारायचे, मग आठवड्यातून एकदा. मग मी कॉम्प्युटर चालू केला की नुसते माझ्याकडे बघायचे. एकदा म्हणाले, "आपणच दोन ओळी टाकू या का तिला?" मी म्हटलं, "टाकू." टाकल्या नाहीत. मग त्यांनी बघणंही सोडलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या काळात ते माझ्याशी जास्त बोलायचे, माझ्या कॉलेजबद्दल विचारायचे. मला हवं होतं तेच मला मिळालं होतं. ते कसं मिळालं हे मला रोज माहीत होतं.

तुझं अकरावं पत्र एका ओळीचं होतं. "बाबा, माझं काही चुकलं का?" तेही मी उघडलं, वाचलं, आणि जेवायला बसले.

सतराव्यात तू लग्न ठरल्याचं कळवलंस आणि विचारलंस की दुकानाची सुटी अजून सोमवारीच असते ना, म्हणजे बाबांना येता येईल असा दिवस धरता येईल. अठराव्यात तेच पुन्हा. एकोणिसाव्यात लिहिलंस की मी चौदा तारखेला येते, समोर बसून विचारते. मी यायला नको असेल तर स्पष्ट कळवा, मग मी त्रास देणार नाही.

तू आली असतीस तर पहिल्या पाच मिनिटांत सगळं उघड झालं असतं. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

मंगळवार होता. बाबा फ्रेम आणायला घाऊक बाजारात गेले होते. सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी मी त्यांच्या खात्यातून तुला लिहिलं: "येऊ नकोस. पत्रंही पाठवू नकोस. बाकी ठीक. दुकान उघडायची वेळ झाली." त्यांची पत्रं नेहमी मीच टाइप करायची, त्यामुळे त्यांच्यासारखं लिहायला मला विशेष काही करावं लागलं नाही. शेवटची ओळ घातली म्हणजे तुला शंका येणार नाही, हे मला कळत होतं. म्हणूनच घातली. ताई, ते पत्र बाबांचं नव्हतं. त्यांना ते आजही माहीत नाही.

त्यानंतर मी एकोणीस पत्रं आणि ते उत्तर काढून टाकलं. या प्रोग्रॅममध्ये काढून टाकलेलं पत्र लगेच पुसलं जात नाही. त्याच्यावर नुसती खूण होते आणि ते यादीतून दिसेनासं होतं. फाइल दाबून लहान केली तरच ते खरं जातं. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी तेही केलं असतं. आता माहीत आहे, आणि तरी रविवारी ती चौकटीतली खूण मी काढली नाही, कारण कामावर ती कधीच काढायची नसते. हात सवयीने पुढे गेला. त्यात माझा प्रामाणिकपणा नव्हता, एवढं तुला कळावं.

तुझ्या लग्नाचं मी बाबांना सहा महिन्यांनी, कुठूनतरी कळल्यासारखं सांगितलं. ते म्हणाले, "कळवलंही नाही." हे वाक्य ते नंतर शिंपीकाकांनाही बोलले, समोरच्या डॉक्टरांनाही. आणि तू मला माझ्या एका वाढदिवसाला विचारलं होतंस की बाबा अजून रागावलेत का. मी लिहिलं होतं, "तुला माहीत आहेत ते." खोटं सापडू नये असं वाक्य मी शोधून काढलं होतं.

रविवारी बाबा माझ्या शेजारी बसून गिऱ्हाइकांची यादी वाचत होते. पडद्यावर तुझं नाव एकाखाली एक एकोणीस वेळा आलं. ते वाचायचे थांबले. "हे काय गं?" मी म्हटलं, प्रोग्रॅमची चूक दिसते, पत्रं भलत्याच कप्प्यात जात होती. हे मी या रविवारी म्हटलं, अठ्ठावीस वर्षांची असताना, या विषयातली जाणकार म्हणून. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, "मशीनला कशाला बोल लावायचा. मीच कधी नीट शिकलो नाही." मग खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "वाचू नकोस, मी वाचतो."

तीन दिवस ते वाचत होते. हात आता फार थरथरतात, माउस धरवत नाही, म्हणून बाण असलेलं बटण एका बोटाने दाबतात. पत्रं क्रमाने वाचली, एकही पुढचं आधी नाही. सतरावं वाचून झाल्यावर उठले आणि दुकानाच्या दारावरची सुटीची पाटी काढून कापडाने पुसत बसले. शिंपीकाकांनी दारातून विचारलं, "काय हो, बंद करायच्या आधी रंगरंगोटी का?" बाबा पाटी पुसत राहिले. मी आत गिऱ्हाइकांचे नंबर लिहीत होते. एक नंबर दोनदा लिहिला.

काल, बुधवारी, त्यांनी मला समोर बसवलं. "मोठीला पत्र लिहायचंय. मी सांगतो, तू टाइप कर." मग म्हणाले, "लिही, तू लग्नाला बोलावलंस आणि मी उत्तरही दिलं नाही. तू येते म्हणालीस, तेव्हाही नाही. नऊ वर्षं तू वाट बघितली असशील." मग मला विचारलं, "माफीला चांगला शब्द कुठला गं?" ज्या माणसाने चुकीच्या नंबरची काच लागली तरी गिऱ्हाइकापुढे मान खाली घातली नाही, तो मला हे विचारत होता. शेवटाशी अडले. म्हणाले, "आता ते दुकान उघडायचं लिहिता येणार नाही. दुकानच राहणार नाही." मी लॅपटॉपची बॅटरी संपली म्हणून झाकण लावलं. बॅटरी संपलेली नव्हती.

त्यांचं पत्र मी टाइप करणार नाही. त्या खात्यातून, त्यांच्या नावाने, तुला मी आता एकही अक्षर लिहिणार नाही. आणि आमच्याकडून आलेल्या ईमेलवर तू विश्वास ठेवावास असंही काही उरलेलं नाही. म्हणून हे कागदावर, माझ्या अक्षरात. तुझी एकोणीस पत्रं आणि ते उत्तर, तारीख-वेळेसकट, छापून सोबत ठेवली आहेत. २४ तारखेला, शुक्रवारी सकाळी दहा वाजता, दुकान उघडण्याआधी, मी बाबांना नियमाचं आणि त्या उत्तराचं सगळं सांगणार आहे. तुझं काही आलं नाही तरी सांगणार आहे. पण त्यांनी न केलेल्या गोष्टीची माफी मागायला ते बसलेत, आणि मी खरं सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न माझ्याबद्दल नसेल. ते विचारतील, "मग ती येईल का?" तेव्हा माझ्याकडे तुझं उत्तर हवं, मी बनवलेलं नको. हो असलं तरी चालेल, नाही असलं तरी तेच सांगेन, शब्दही बदलणार नाही. माझ्याशी बोलायची गरज नाही. दुकानाचा फोन नंबर तोच आहे, आणि दुपारी एक ते तीन बाबा स्वतः उचलतात. २५ला येणार की नाही, एवढंच गुरुवार, २३ तारखेपर्यंत कळव.

तुझीच,
पावशेर