पाचवी वाटी

३ जानेवारी १९६०, रविवार
बॅचलर होस्टेलच्या मेसचा मॅनेजर कौसल्याचं लिंबाचं लोणचं घ्यायला तयार आहे. अट एकच. अनोळखी पाच घरांचं मत लिहून आणा, नातेवाईक नकोत. कौ. दिवसभर गुणगुणते आहे. लग्नाला आठ वर्षं झाली, मला पहिल्यांदाच ऐकू आलं.

१० जाने.
फोरमनच्या मुलीचा साखरपुडा. बरणी घेऊन गेलो. ओळख ना पाळख, दिसेल त्याच्या पानात वाढत सुटलो. सगळे म्हणाले, बढिया. एकाने तर चाखायच्या आधीच म्हटलं.
पोलादाच्या प्लांटमध्ये मी भट्टीच्या विटा तपासतो. हातोडी मारली की चांगली वीट खणखणते, तडकलेली बद्द वाजते. माणसं सगळीच खणखणतात. काय समजायचं?

१५ जाने.
काल क्लबात तिळगूळ. नव्याने ओळख झालेल्या पाच घरांना एकेक वाटी दिली. दुर्गच्या जुन्या मराठी घरातल्या वहिनींनी तिथेच बोटाने चाखलं. अगदी माहेरची चव, म्हणाल्या.
घरी कौ.ने विचारलं, "कोनाच्या घरचं म्हणून सांगतलं?"
एका मित्राच्या, म्हटलं.
"कावून? बौद्ध कावून झालो मंग आपण? लपाले?"
नाव, गाव कळलं की बदलणारे चेहरे मी पाहिलेत. इथे कोणी ओळखत नाही, तेच बरं वाटत होतं. हे तिला सांगितलं नाही.

१७ जाने., रवि.
पाचही घरी परत जाऊन आलो. लोणचं बायकोच्या हातचं, आमचं आडनाव हे, गाव हे. वहिनी "हो का" म्हणाल्या. चहा दिला. कपबशी वेगळी होती की सगळ्या तशाच, लक्षात नाही. लक्षात का ठेवलं नाही?

२४ जाने.
चार वाट्या परत आल्या. रिकामी एकही नाही. बंगाल्यांकडून गुळाची संदेश मिठाई. आंध्रच्या बाईंनी त्यांचं अंबाडीचं लोणचं घातलं, वर निरोप: नमक ज़्यादा है. कौ. याच निरोपावर सगळ्यात खूष. म्हणे, हिनं खाल्लं.
पाचवी नाही आली.

२ फेब्रु.
बाजारात वहिनी भेटल्या. लोणचं केव्हाच संपलं, फार छान होतं, म्हणाल्या. घरी येऊन विचारलं, कागदावर पाचवं नाव लिहून टाकू का?
कौ. म्हणाली, "नका लिहू. खाल्लं का फेकलं, मले पक्कं समजलं पाहिजे."

१० फेब्रु.
संध्याकाळी वहिनी स्वतः आल्या. लख्ख घासलेली वाटी, आत साखर. खाटेवर ऐसपैस बसल्या, अर्धा तास बोलल्या. माणूस लाघवी. कौ.ने भाकरी आणि लोणचं पुढे ठेवलं. मीठ कमी केलेलं, नवं.
"आज उपास आहे हो माझा. नाहीतर नक्की खाल्लं असतं."
जाताना वाटीभर मागून नेलं मात्र.
त्या गेल्यावर कौ. म्हणाली, "बुधवारी कोनता उपास असते?"
भिंतीकडे पाहिलं. दीक्षा घेतल्यापासून घरात पंचांग आणलेलं नाही. शेजाऱ्यांकडे आहे. मॅनेजरला कागद उद्या द्यायचाय, चार नावं झालीत. चप्पल घातली, दारापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो. उपास नसला तर?
"जा नं," कौ. म्हणाली. "नाहीतर चप्पल तरी काढा."