ऐनाखालचा गडद रंग

शहापूर,
ता. १२ फेब्रुवारी १९३९

धाऊदादास वाल्मिकचा रामराम. सकुवहिनीलाही सांग. इकडे आम्ही बरे आहोत. पोरं चित्रकलेच्या तासाला पेरू खातात आणि मला वाटतं ती रंगवताहेत. तुझा पाय कसा आहे?

पत्र राघोमास्तर वाचून दाखवतील. मास्तर, एक विनंती, मधलं काही गाळू नका.

ऐनाच्या झाडाचं मोठं चित्र मुंबईच्या प्रदर्शनात लागलं. पानांवर खरंच ऊन पडलंय, असं लोक म्हणतात. तू विचारलं होतंस, "उन्हाचा रंग कंचा रं?" उन्हाला रंग नसतो, दादा. तिथे कागद कोरा ठेवायचा आणि भोवती गडद भरत जायचं. तेवढ्यानं ऊन उठतं.

पौषात तू शेतात जाळायच्या राबासाठी फांद्या तोडायला आलास, तेव्हा मीच म्हटलं, चित्र होईपर्यंत थांब. तू थांबलास. रोज कोयता घेऊन झाडाखाली बसायचास. "झाला का रं?" म्हणायचास, आणि मी म्हणायचो, अजून दोन दिवस.

मास्तरांनी कळवलं, तू आता त्या ऐनाला हात लावणार नाहीस. अवसेला चढलो म्हणून झाड कोपलं, असं म्हणतोस. कोंबडंही दिलंस म्हणे.

दादा, चित्र सोमवारीच झालं होतं. मला तेच पुन्हा मोठ्या कागदावर करायचं होतं. ते सांगायची लाज वाटली, म्हणून खोटं बोललो. गुरुवारी अवकाळी पाऊस पडला. शुक्रवारी अवस, खोड ओलं, पण राब वाळायला उशीर होईल म्हणून तू चढलास आणि घसरलास. झाडाचा यात काही दोष नाही, तुझाही नाही.

सोमवारचं लहान चित्र सोबत पाठवतो. मागे तारीख आहे. मास्तर, तीही वाचा. चित्रात तू दिसणार नाहीस. तू बसायचास तिथेच मी सगळ्यात गडद रंग भरला, वरची पानं उजळ दिसावीत म्हणून. परवा ओल्या कुंचल्यानं तो रंग उचलून पाहिला. कागद फाटला, तू काही निघाला नाहीस.

रविवारी येतो. फांद्या मी तोडेन. तू समोर उन्हात बस, आणि बोलायचं नसेल तर बोलू नकोस.

तुला सावलीत बसवून ठेवणारा,
वाल्मिक