घडीव दगडाच्या भिंतीबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गिलावा करणे (गुडघ्यांमुळे आता बंद), आज गुरुवारी सकाळी माझ्या घराच्या पुढच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दमदाटी केलेली नाही. तो अधिकार फक्त बायकोला होता आणि ती चार वर्षांपूर्वी गेली. पोटात गाठ आहे, पण तिचा माझ्या अकलेशी संबंध नाही. उद्या दवाखान्यात दाखल व्हायचे असून परवा ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, साठ-चाळीस धरा." कुठले साठ आणि कुठले चाळीस, हे मी विचारले नाही.

सोमवारी अकरा वाजता घरपट्टी कार्यालयाचे साहेब या घराच्या शेवटच्या तपासणीला येणार आहेत. तेव्हा मी असेन की नसेन, म्हणून हा कागद.

कलम एक, घर. खाली दोन खोल्या, वर एक, मागे न्हाणीघर. सगळे माझ्या स्वकष्टाचे असून ते मी माझ्या मुलीला देत आहे. नवरा गेल्यापासून ती इथेच राहते आणि याच खोलीत शिवणाचा क्लास चालवते. पाच मशिनी आहेत; सहावी आणली तर मला उभ्याने जेवावे लागेल. तिला घर देणे सोपे आहे, तिच्याकडे ते टिकणे अवघड आहे. दोन वर्षांपूर्वी कार्यालयाने हे घर 'घडीव दगडी बांधकाम' ठरवून घरपट्टीच्या अ वर्गात टाकले. विटांची घरे क वर्गात असतात. अ वर्गाची पट्टी शिवणाच्या कमाईतून भरणे शक्य नाही. सोमवारी वर्ग बदलला नाही तर पुढची दहा वर्षे बदलणार नाही, आणि तिला घर विकावे लागेल.

तर आता खरे लिहितो. हे घर दगडाचे नाही. विटांचे आहे, आणि विटाही दुय्यम प्रतीच्या. दर्शनी भिंतीवर जो दगड दिसतो तो माझ्या हातचा गिलावा आहे. बावीस वर्षांपूर्वी दिवसा लोकांची कामे करून उरलेल्या वेळात मी तो केला. गिलावा ओला असताना थर आखले, प्रत्येक दगडाच्या कडा उचलल्या, टाकीचे घाव एकेक करून उमटवले, मधल्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, वेगळ्या रंगाने भरल्या. बायको म्हणायची, "एवढं जीव तोडून कुणाला दाखवायचंय?" कुणाला, ते तिला माहीत होते.

लोक फसले. समोरचा इस्त्रीवाला पत्ता विचारणाऱ्याला सांगू लागला, "दगडी घराच्या पुढे वळा." मी कधी कोणाला दगड आहे असे म्हणालो नाही. नाही असेही म्हणालो नाही. मग कार्यालयाचा मोजणीदार आला. भिंतीकडे बघत म्हणाला, "काय काम आहे हो. हल्ली असा दगड बघायला मिळत नाही." मी खुर्ची दिली, चहा दिला, आणि त्याने 'घडीव दगड' लिहून पुढे केलेल्या कागदावर सही केली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि धोंडाही खोटा.

वर्गाला हरकत घेतल्यावर पहिल्या सुनावणीत मी साहेबांना खरे सांगितले. त्यांनी माझी सही दाखवली. मग साहेबांनी घरी येऊन नाण्याने भिंत वाजवून बघितली. गिलावा कुठे सुटला असेल तर पोकळ आवाज येतो. कुठेही आला नाही. घर हातचे चालले होते आणि मला मात्र त्या आवाजाचा अभिमान वाटत होता. साहेब म्हणाले, "पट्टी वाढली की सगळ्यांची घरं विटांची होतात. पाथरवटाचा लेखी दाखला आणा आणि भिंत उघडून दाखवा. नाहीतर विषय संपला."

कलम दोन, मुलगा. त्याला माझी बँकेतली ठेव आणि त्याच्या आईचे घड्याळ द्यावे. घरात त्याचा हिस्सा नाही, याचे कारण लिहून ठेवतो म्हणजे नंतर बहिणीशी भांडण नको. तो मागच्या रविवारी म्हणाला, "बाबा, कागदावर दगड आहे तर राहू द्या ना. विकताना भाव येईल." मी म्हटले, "आणि घेणाऱ्याला काय सांगायचं?" तो म्हणाला, "तुम्ही आजवर काय सांगत होतात?" तो वाईट मुलगा नाही. माझ्याकडूनच शिकला.

मुलीला मी सांगितले होते की मी दवाखान्यात असताना दाराशेजारची भिंत फोड. ती म्हणाली, "तुमच्या भिंतीला मी हातोडा लावणार नाही. माझ्यावर जबरदस्ती करू नका." आणि मशिनीवर जाऊन बसली. दोरा न ओवताच मशीन चालवत होती.

कलम तीन, माझा थोरला भाऊ. आमचे वडील पाथरवट. मुलगे दोन आणि छिन्न्यांचा संच एक. तो दादाला मिळाला. मी गिलाव्याची थापी धरली. वडील शेवटपर्यंत म्हणत, "गिलावा म्हणजे भिंतीचं सोंग." दादा ते ऐकून हसत असे. ते हसणे मी विसरलेलो नाही. घर पुरे झाले त्या दिवशी मी दादाला मुद्दाम बोलावले. अंगणात पाहुणे उभे होते. दादाने भिंतीवर तळहात फिरवला, एका दर्जेवर नख टेकवले, आणि चहा न घेता निघून गेला. मी समजलो, जळला. त्या दिवसापासून आमचे बोलणे नाही. लग्नकार्यात समोर आलो तर मान हलवतो, तीही अर्धी.

या भागात दाखला देऊ शकेल असा पाथरवट तो एकच उरला आहे. काल मी चिठ्ठी पाठवली. तो आज येईल की नाही, सांगता येत नाही. आला नाही तर हे मृत्युपत्र म्हणजे मुलीला रिकामे पाकीट दिल्यासारखे आहे. या कलमात त्याला काय द्यायचे ते अजून ठरलेले नाही. जागा सोडतो.

दुपारी तीन. दादा आला.

कापडी पिशवीत वडिलांच्या छिन्न्या घेऊन आला. खूप वाकला आहे. मी म्हटले, "दादा, ती भिंत दगडाची नाही." म्हणायला बावीस वर्षे लागली, सांगायला एक श्वास पुरला.

तो म्हणाला, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"हात लावला तेव्हाच. दगड गार लागतो रे, धाकट्या. डोळे फसले होते माझे, हात नाही फसला."

"मग चहा न घेता का गेलास?"

तो खुर्चीत बसला. पिशवीतली छिन्नी काढून पुसू लागला. "अंगणात एवढी माणसं उभी. तू सगळ्यांसमोर मला विचारणार होतास, दादा, कसा आहे दगड? तुझ्या तोंडावर दिसत होतं. खोटं मला बोलता येत नाही, आणि खरं बोलून तुला उघडं पाडायचं नव्हतं. म्हणून गेलो. पुढं लोक विचारायचे, भावानं दगड कुठून आणला. मी म्हणायचो, माझ्याकडून नाही नेला."

मी खरोखर तेच विचारणार होतो. शब्दसुद्धा तेच.

मग तो म्हणाला, "सोमवारी येतो आणि फोडतो. तू दवाखान्यात असशील, तुला बघावं लागणार नाही." मी म्हटले, "आत्ता फोड. माझ्या मागे कोणी फोडू नये." मुलगी आतून आली आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून रस्ता ओलांडून आला. दादाने दाराच्या उजव्या हाताला, खालून तिसऱ्या थरात, वीतभर चौकोन खडूने आखला. पहिला घाव मी डोळे मिटून ऐकला. चौकोन सुटायला बराच वेळ लागला. दादा दोनदा थांबून मनगट चोळत होता. आत लाल वीट निघाली.

इस्त्रीवाला म्हणाला, "आता लोकांना पत्ता काय सांगू?" मुलगी रडत होती, आणि खरे सांगायचे तर मीही.

म्हणून कलम तीन पुरे करतो. माझी थापी आणि ओळंबा दादाला द्यावा. त्याला उपयोग नाही, हे ठाऊक आहे. तरी द्यावा.

कलम चार. तो चौकोन सोमवारपर्यंत झाकू नये. साहेब काहीही म्हणाले तरी मुलीने आवाज चढवू नये. दादाचा दाखला पुढे करावा आणि गप्प बसावे. वर्ग बदलल्यावर भोक बुजवायचे झाले तर साधा गिलावा करावा. दगड करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. जमणार नाही.

मी जगून परत आलो तर हा कागद मुलीने फाडावा. कलम तीन तेवढे कापून ठेवावे.

लिहून देणार: सही
ठिकाण: विटांच्या घराची पुढची खोली
दिनांक: बारा, वार गुरुवार, संध्याकाळी पाच

साक्षीदार पहिला: सही, इस्त्रीवाला, समोरचे दुकान. भिंत माझ्यासमोर फोडली. आत वीट आहे.

साक्षीदार दुसरा: सही, लिहून देणाऱ्याचा थोरला भाऊ, पाथरवट. हाच माझा दाखला समजावा. पंचावन्न वर्षे दगड घडवतो आहे. ही भिंत दगडाची नाही, गिलाव्याची आहे. असा गिलावा मी दुसरा पाहिलेला नाही. वडिलांनी पाहायला हवा होता.