ओल्या भाताचा पुतळा

२ जुलै २००६
आपट्याला पोचलो. खोली शेताला लागूनच आहे, खिडकीतून पाताळगंगा दिसते. पुराच्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताची चाचणी घ्यायची आहे. पाणी चढेल तसं हे भात उंच होतं, शेंडा वर ठेवतं. राखणदार काळूराम म्हणाला, "साहेब, यो भात हाय का बांबू?" खूप दिवसांनी हसलो.

९ जुलै
शेतात दोन फूट पाणी. रोपं दिवसाला तीन-चार इंच वाढताहेत. बुडालेल्या पेरांना पांढरी मुळं फुटतात. रोज सकाळी काठीने मोजतो. काम बरं आहे, डोकं रिकामं राहत नाही.

२६ जुलै
रोहिणीला जाऊन आज वर्ष झालं. याच नदीच्या पुरात गेली, सापडली नाही. विधी मी कुणाला करू दिला नव्हता. काळूराम पायरीवर बसून बोलला. बायकोला मोकलं करा, दर्भाचा पुतला करून अग्नी द्या, किती दिस अशी अडकवून ठेवाल? पहिल्यांदाच पटलं.

२७ जुलै
पनवेलचा रस्ता पाण्याखाली, दर्भ मिळाला नाही. शेतातलंच भात कापून पुतळा बांधला. पाच फूट, तिच्याएवढा. तिची साडी गुंडाळली. पावसात पेटेना. उघडीप मिळेपर्यंत खोलीत भिंतीशी उभा ठेवलाय. काळूरामने एक पेर दाबून पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, यो सुकलेला नाय. जिता हाय."

२९ जुलै
खोलीत घोट्यापर्यंत पाणी. पुतळा पाच फूट चार इंच. गाठी सैल झाल्या असतील.

३० जुलै
पाच फूट नऊ. गाठी सैल नाहीत, उलट साडी ताणली गेली आहे. गुडघ्यांच्या जागी पांढरी मुळं. काळूराम रॉकेल घेऊन आला, आताच्या आता जालू म्हणाला. मी दार लावून घेतलं. पुन्हा तिला घालवायचं — नाही जमलं.

३१ जुलै
पाणी मांडीपर्यंत. काळूराम होडीतून हाका मारत होता. जायला निघालो. दार उघडेना. मुळं चौकटीत, कडीत, खिडकीच्या गजांत —
काळूरामची होडी धारेला लागून लांब गेली.

१ ऑगस्ट
कॉटवर उभा आहे. पाणी इथेही आलं.
तिचं डोकं कौलांतून बाहेर गेलं. हाक मारली. खाली बघत नाही.
भाताला वर जायचं तर खाली काहीतरी घट्ट धरावं लागतं.
माझे घोटे —
रोहिणी, अगं मी अजून