वाळूचं पोतं

प्रिय ताई,

त्या सकाळी नव्या सायकलीची चाचणी घेताना मी कॅरिअरवर वाळूचं पोतं बांधलं नाही. एरवी बांधतो, कारण घेणारा माणूस मागे पोर नाहीतर पिशव्या लादणारच. त्या दिवशी प्रार्थनेला उशीर होत होता. रिकामीच उतारावरून सोडली, ब्रेक लागले, आणि ‘ओझ्यासकट भरवशाची’ असं माझ्या सायकल-परीक्षणांच्या वेबसाइटवर लिहून टाकलं. देवापुढे मात्र वेळेवर बसलो.

माझं वाचून तू त्याच मॉडेलची घेतलीस. त्याच उतारावर भाजीच्या पिशव्यांसकट पडलीस, मनगट मोडलं. भेटायला आलो तर म्हणालीस, “सायकलीला बोल लावू नकोस हं. तू पास केलेली आहे. मीच म्हातारी झाले.” मी चहा पिऊन तसाच परतलो.

आज चाचणीच्या त्याच सायकलीला पोतं बांधून तो उतार उतरलो. ब्रेक दाबूनही सायकल थेट भिंतीवर धडकली.

हे पत्र पाठवणार नाही. समोर बसून सांगायचं आहे. पण तुझ्यापुढे पुन्हा जीभ अडखळेल, म्हणून आधीच वेबसाइटवर सर्वांत वर लिहिलं: ‘ही सायकल मी ओझ्याशिवाय तपासली होती. माझ्या बहिणीचा हात मोडला. घेऊ नका.’

तुझा,
धाकटा