छाटलेला पंख

कोइम्बतूर, १४ फेब्रुवारी २००३

प्रिय अल्का,
जयभीम. संघदीप जिवंत आहे, हे आधी वाच.

शर्यतीच्या गाडीचे इंजिन अशक्त निघाले. ती उणीव झाकण्यासाठी मालकाने सांगाडा हलका करविला आणि गाडीला जमिनीशी दाबून धरणारा मागचा पंख छाटला. सरळ रस्त्यावर वेग वाढला. वळणावर गाडी उडून भिंतीवर आदळली. चिरडलेल्या सांगाड्यात आपल्या मुलाचा पाय मोडला.

"ड्रायव्हर घाबरला," मालक म्हणाला. मी त्याला कॉलर धरून त्याच भिंतीवर आपटले. त्याचे दात पडले. मला खेद नाही.

संघदीप म्हणतो, "काऊन रागावून राहिले, बाबा? दमाचं इंजन आलं का मी पुन्हा बसतो."

त्याला नकार देणे मला जमलेले नाही. आईंचे गुडघे कसे आहेत? इकडे काळजीचे कारण नाही. तरी गोंदियाहून मिळेल त्या रेल्वेने निघ.

तुझा,
यादोराव